सही करण्याआधी

विषय ‘तेल आणि वायू क्षेत्रातल्या जखमी कामगारांची नुकसानभरपाई’ असा छापलाय. कायद्याकडे येतोच. पण आधी मला एका कागदाबद्दल बोलू द्या, कारण चांगले चांगले दावे त्या कागदापाशीच संपतात.

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर, म्हणजे समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या तळावर, स्फोट झाला, ११ कामगार गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. वाचलेल्यांचं पुढे काय झालं? त्यांच्यातल्या एकाने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं, की सुटका झाल्यावरही आधी रांगेत उभं करून अमली पदार्थांची चाचणी घेतली, मगच घरी फोन करायला मिळाला. तोवर स्फोटाला २८ तास उलटले होते. काही दिवसांनी कंपनीचा माणूस आला. रिगवर गेलेल्या सामानाचे ५,००० डॉलर मिळतील, फक्त ‘मला इजा झालेली नाही’ या कागदावर सही कर! कपड्याबुटांचे पैसे हवेत तर शरीराबद्दल आत्ताच लिहून दे. मला याची आजही चीड येते. स्फोटाच्या दणक्याने कान गेलेत की मणक्याची चकती सरकलीय, हे कित्येकदा आठवड्यांनी कळतं. झोप उडते ती तर कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी पूर्ण तपासल्याशिवाय आणि वकिलाने वाचल्याशिवाय सही करायची नाही, कितीही गोड बोलले तरी.

आयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केलीय, तेव्हा आता भरभर. अमेरिकेपुरतं सांगतो.

अपघात झाला तेव्हा पायाखाली काय होतं, यावर सगळं ठरतं. तरंगती रिग कायद्याने सहसा जहाज असते. कामाचा साधारण ३० टक्के वेळ जहाजावर जात असेल तर तुम्ही खलाशी, आणि १९२० च्या जोन्स कायद्याखाली मालकावर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो, मुदत ३ वर्षं. शिवाय चूक कुणाचीही असो, उपचारांचा आणि त्या काळातल्या राहण्याजेवणाचा खर्च मालकाकडे. समुद्रतळाशी पक्का रोवलेला प्लॅटफॉर्म मात्र जहाज नव्हे. तिथे भूखंड मंचाचा, म्हणजे किनाऱ्यापुढच्या समुद्रतळाचा, १९५३ चा कायदा तुम्हाला १९२७ च्या गोदी कामगार कायद्याकडे नेतो. काम करणं पूर्ण अशक्य असेल तोवर सरासरी आठवडी पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम, चूक सिद्ध न करता. मालकाला लेखी सूचना ३० दिवसांत, अर्ज वर्षभरात.

जमिनीवरच्या विहिरीला त्या त्या राज्याचा कायदा. भरपाई मिळते, पण मालकावर सहसा खटला भरता येत नाही. टेक्सासात मालक राज्याच्या या भरपाई योजनेबाहेर राहू शकतो; मग ‘कामगाराचीही चूक होती’ हा बचाव त्याला कोर्टात मिळत नाही.

आणि विहिरीवर कंत्राटदार अनेक असतात. क्रेन दुसऱ्याची, झडप तिसऱ्याची असेल तर त्यांच्यावर वेगळा दावा करता येतो. यंत्र कुणाचं होतं ते अपघाताच्या अहवालात लिहून घ्या, प्रत मागा. मात्र १९२७ च्या कायद्याखाली भरपाई घेत असाल, तर अशा बाहेरच्या कंत्राटदाराशी तडजोड करण्यापूर्वी मालकाची आणि त्याच्या विमा कंपनीची लेखी संमती घ्या, नाहीतर पुढची भरपाई बंद होऊ शकते.