इंदूर ते डॅन्यूब: खोका बंद करण्याआधी

(दृश्य: इंदूरच्या रामबागेतल्या घराची ओसरी, सकाळची वेळ. फरशीवर जुनी चादर, चादरीवर नट आवळायचे पाने, ट्यूबा, चाकाच्या तारा (स्पोक). भिंतीला टेकवलेली सायकल.)

ही सायकल अडीच महिन्यांनी जर्मनीतल्या पासाऊ गावात उभी असेल. तिथून डॅन्यूबच्या काठाने ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत बुडापेस्टपर्यंत जायचं, सहाशेहून जास्त किलोमीटर. अटलांटिकच्या किनाऱ्यावरून काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या युरोवेलो ६ या सायकलमार्गाचा हा एक तुकडा. पहिल्या परदेशी सफरीला हाच निवडावा, असं आमचं मत आहे. नदीबरोबर उतरत जायचं, वारा बहुतेक पश्चिमेचा म्हणजे पाठीवर, आणि गावं एकमेकांच्या जवळ.

रस्ता सोपा आहे म्हणून तयारी ढिली राहते. तिकडे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं इथे इंदुरातच बिघडलेलं असतं, फक्त इथे ते लक्षात येत नाही.

(दृश्य: मागचं चाक हवेत फिरतंय. रिमजवळ धरलेली झिप-टाय एका जागी घासते.)

आधी मागचं चाक. सामानाचं आणि माणसाचं सर्वात जास्त वजन याच्यावर येतं. रोजच्या फिरण्याला ३२ तारा पुरतात; लादलेल्या सायकलला ३६ तारांचं चाक असावं. आउट (चाकाचा वाकडेपणा) काढताना रिम सरळ दिसली की काम झालं, असं पुष्कळ कारागीर समजतात. रिम सरळ असूनही तारांचा ताण कमी-जास्त असू शकतो. ढिली तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी सैल पडते, पुन्हा ताणली जाते, आणि हजारो फेऱ्यांनंतर चाकाच्या मध्यातल्या हबजवळच्या वळणावर तुटते. म्हणून एका बाजूच्या तारा जोडीजोडीने दाबून पाहायच्या, बोटाने छेडून आवाज ऐकायचा. एकाच बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. नवं चाक बांधलं असेल तर ओझ्यासह २००-३०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ताण तपासून घ्यायचा. हे विमानात बसण्याआधीच व्हायला हवं.

सुट्या तारा तीन लांबीच्या लागतात: पुढच्या चाकाच्या, मागच्या डाव्या बाजूच्या आणि मागच्या उजव्या बाजूच्या. प्रत्येकी दोन किंवा तीन. उजव्या बाजूची तार तुटली, तर कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) काढल्याशिवाय नवी घालता येत नाही. तेव्हा कॅसेट खोलण्याचं छोटं हत्यार बरोबर हवंच. तारा घेऊन हे हत्यार घरी ठेवणं, ही नेहमी होणारी चूक.

चेन मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. पोलादी फूटपट्टी एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनची तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक-अष्टमांश गेली असेल, तर कॅसेटचे दातही झिजलेले असतात आणि त्यावर नवी चेन घसरते. निघायच्या तीन आठवडे आधी चेन बदलली, की ती गिअरला बसली आहे की नाही हे इथेच कळतं.

(दृश्य: महूच्या पुढचा रस्ता. जाम गेट, खाली निमाड.)

परीक्षेचा रस्ता आपल्या घराजवळच आहे. इंदूर, महू, जाम गेट, मंडलेश्वर, महेश्वर: नव्वदएक किलोमीटर. माळव्याच्या पठारावरून विंध्याचा उतार उतरून नर्मदेपर्यंत जायचं, रात्रभर मुक्काम करायचा आणि सकाळी तोच घाट चढून परत यायचं. युरोपात नेणार आहात ते सगळं सामान, अगदी तंबूच्या खुंट्यांपर्यंत, सायकलवर लादूनच.

उतारावर एक गोष्ट कळते. मागच्या कॅरिअरवर सगळं ओझं असेल, तर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास हँडल थरथरायला लागू शकतं. त्यावर उपाय म्हणजे ओझं वाटून टाकणं. एकूण सामान १५ ते १८ किलो ठेवा. साधारण ४० टक्के पुढे, ६० टक्के मागे. जड वस्तू पिशव्यांच्या तळाशी, आणि डाव्या-उजव्या पिशवीत पाव-अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक नको. स्वयंपाकघरातला काटा याला पुरतो. पॅडल मारताना टाच मागच्या पिशवीला लागते का, तेही इथेच पाहा. लागत असेल तर पिशवी कॅरिअरवर मागे सरकवा. ती टक्कर दिवसाला हजारो वेळा होणार असते.

चढावर गिअरची परीक्षा. पुढे ३० दात आणि मागे ३४ हा गिअर असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेराही पूर्ण होत नाही. ओझ्यासकट घाट चढायला असाच गिअर हवा. शहरातल्या सायकलींना पुढे ४२ किंवा ४४ दात असतात. जाम गेटच्या चढावर ढोपरं काय म्हणतात ते ऐका आणि परत आल्यावर पुढची चकती बदला.

परतल्यावर कॅरिअरचे बोल्ट तपासा. हे ५ मिलिमीटरचे बोल्ट कंपनाने सैल होतात. बसवताना आट्यांवर निळं थ्रेड-लॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावा, सुटे सहा बोल्ट बरोबर ठेवा. बोल्ट फ्रेममध्ये तुटला की उरलेला तुकडा काढणं अवघड जातं, त्यामुळे पहिल्या खडखडाटाला थांबायचं.

जुलैत एकदा भर पावसात हीच फेरी करावी. ‘वॉटरप्रूफ’ असं लिहिलेली पिशवी शिवणीतून गळते का, हे इंदूरचा पाऊस दोन तासांत सांगतो.

(दृश्य: टेबलावर पासपोर्ट, नकाशा, कॅलेंडर.)

कागदपत्रांचं काम थोडक्यात सांगतो, पण ते सर्वात आधी सुरू करायचं. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी. उन्हाळ्यात वेळ मिळणं कठीण, म्हणून चार महिने आधी लागावं. ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. या मार्गावर बहुतेकदा तो ऑस्ट्रिया ठरतो, कारण जर्मनीचा भाग पासाऊनंतर लगेच संपतो. दिवस मोजून खात्री करा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, त्यात दोन कोरी पानं हवीत. वैद्यकीय विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. बुडापेस्टनंतर सर्बियात शिरून पुढे रुमानियाला जाण्याचा विचार असेल, तर अर्जातच एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. तिकडे गेलात की शेंगेनबाहेर पडलात, आणि एकदाच्या प्रवेशाच्या व्हिसावर परत आत येता येत नाही.

महागडी सायकल असेल, तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यात फ्रेम नंबर लिहिलेला असतो. तो सहसा पॅडलच्या दांड्याखाली, फ्रेमच्या पोटाशी कोरलेला सापडतो. परतताना ‘ही सायकल बाहेरून आणली’ असा प्रश्न आला, तर हा कागद उपयोगी पडतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. डबे, पुड्या. एक हात पेढ्यांचा डबा बाजूला ठेवतो.)

खाऊच्या बाबतीत घरच्यांना आधीच सांगून ठेवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे आणि तूप घरीच राहतील. जाड पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे चालतात आणि टिकतात. पुड्या बंद आणि नाव लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे तपासणीत बोलावं लागत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी एक दिवसाची शिदोरी घेऊनच निघायचं. त्या दिवशी पोह्यांची पुडी सोन्यासारखी वाटते.

स्टोव्हचा गॅस विमानात कुठेही नेता येत नाही, तो तिकडेच घ्यायचा. वापरलेला स्टोव्ह नीट धुवून वाळवा. इंधनाचा वास आला तर तोही काढून ठेवतात. पॉवर बँक हातसामानातच. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॅट-तास, तेव्हा हा आकार निवांत चालतो.

(दृश्य: पुठ्ठ्याचा लांब खोका. सायकल हळूहळू सुटी होते.)

आता खोका. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानात येतात, तोच सर्वात बरा. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवावं. खोक्यातल्या प्लास्टिकच्या तुकड्यांकडेही लक्ष ठेवा. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये बसणारा, १०० मिलिमीटरचा तो तुकडा कचरा म्हणून फेकून देतात. चाक काढल्यावर तो नसेल आणि वर दुसरी बॅग पडली, तर चिमटा आत दबतो आणि तिकडे चाक बसत नाही.

सुटी करण्याआधी सीटच्या दांड्यावर आणि हँडलच्या जोडावर रंगीत टेपने खूण करा. मग पॅडल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या दिशेने ढकला, दोन्ही पॅडल सुटतील. बसवताना आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवा, मगच पाना लावा. थेट पान्याने तिरपं बसवलं तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकचे (पॅडलच्या दांड्याचे) आटे कायमचे जातात. ग्रीस विसरू नका.

मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने सोडा, फोममध्ये गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणात आत बांधा. बाहेर राहिला तर तो ज्या हँगरवर बसतो तो वाकतो, आणि वाकलेल्या हँगरचा डिरेलर सर्वात हलक्या गिअरला तारांमध्ये शिरतो. एक सुटा हँगर घ्या. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तिकडे ऐनवेळी मिळणं अवघड. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) असतील तर चाक काढताच पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवा. नुसता लिव्हर दाबला गेला तरी पॅड चिकटून बसतात.

टायरची हवा कमी करा, पण पूर्ण काढू नका. थोडी हवा असली की रिमला मार बसत नाही. सायकल १५ किलो, खोका ३ किलो: विमानाच्या २३ किलोंच्या मर्यादेत ५ किलो उरतात. त्यात तंबू आणि झोपण्याची पिशवी भरा, तीच फ्रेमला गादीही होतात. बाकी पिशव्या इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणाऱ्या मोठ्या चेनवाल्या बारदानी पिशवीत एकत्र बांधून दुसरा नग करायचा.

(दृश्य: इंदूर रेल्वे स्थानक. पार्सल कार्यालयाबाहेर खोका.)

इंदुराहून निघताना एक अडचण ठरलेली. देशांतर्गत आणि परदेशी विमानांची तिकिटं वेगळी काढली, तर आधीच्या टप्प्याला बहुधा १५ किलोचीच मर्यादा लागते आणि उरलेल्याचे पैसे मोजावे लागतात. पंखे लावलेलं छोटं विमान असेल, तर सायकलचा खोका घेतील का ते फोनवर विचारून लेखी उत्तर ठेवा. सगळं एकाच तिकिटात जमत नसेल, तर अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठणं बरं. खोका लगेज म्हणून नोंदवा आणि गाडी सुटण्याच्या पुष्कळ आधी पार्सल कार्यालयात जा.

परतीचा खोकाही इथेच ठरवायचा. म्युनिकला उतरून बुडापेस्टहून परतायचं असेल, तर जाताना नेलेला खोका टाकून द्यावा लागतो. बुडापेस्टमधल्या एखाद्या सायकल दुकानाला पोहोचण्याच्या आठवडाभर आधी ईमेल करून रिकामा खोका राखून ठेवायला सांगा.

(दृश्य: पासाऊ. इन, इल्झ आणि डॅन्यूब या तीन नद्यांचा संगम. नगरपालिकेच्या भिंतीवर पुराच्या खुणा.)

पासाऊच्या भिंतीवरच्या या खुणांमध्ये ३ जून २०१३ची खूण आहे, १२.८९ मीटर. जूनमध्ये निघालात तर नदीकाठचा रस्ता पुराने बंद असण्याची शक्यता धरून वरचा रस्ताही नकाशात ठेवा.

आरसा उजव्या हँडलवरून डावीकडे लावा, कारण युरोपात गाड्या डाव्या बाजूने मागून येतात. भाड्याची सायकल घेतली तर पुढचा ब्रेक डाव्या हाताला असू शकतो. रिकाम्या रस्त्यावर दोनदा दाबून बघा.

काठावरचे किलोमीटरचे दगड काळ्या समुद्रापासून उलटे मोजलेले असतात. पासाऊला २,२०० च्या वरचा आकडा दिसतो आणि तो रोज कमी होत जातो. पहिल्या ३० किलोमीटरनंतर थांबा, हँडलचे बोल्ट, पॅडल आणि कॅरिअर पुन्हा आवळा, मागच्या चाकाच्या तारा एकदा छेडून ऐका आणि मग पुढे निघा.