पोच मिळाली का?

[दृश्य : लोहार चाळ, सकाळ. हातगाडीवर पंख्यांची खोकी.]

लोहार चाळीत शिरायचं तर आधी खांदा तिरका करावा लागतो. समोरून एक हातगाडी, मागून दुसरी, आणि दोघींच्या मधून डोक्यावर खोकं घेतलेला हमाल 'बाजू, बाजू' करत निघालेला. नाव लोहारांचं, पण धंदा विजेचा. वायर, बटणं, एमसीबी, पंखे, दिवाळीच्या तोंडावर माळा. मुंबईत कुणाच्याही घरी वायरिंगचं काम निघालं की इलेक्ट्रिशियन यादी हातात देतो आणि सांगतो, "लोहार चाळीतून आणा, स्वस्त पडेल."

त्यातलंच हे एक दुकान. काउंटरमागे दोघं बसले की तिसऱ्याने उभं राहायचं, एवढीच जागा. इथे दिसतो तो माल नमुन्यापुरता. खरा साठा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, भिवंडीला. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर ठेवणं परवडायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोडाऊन मात्र तिथेच राहिलं. तेवढी जागा लोहार चाळीत घ्यायची तर शेठना आधी दुकान विकावं लागेल.

दुकान एक, पण वह्या चार. काउंटरवर टॅली, हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. भिवंडीत बारकोडवर चालणारं साठ्याचं वेगळं सॉफ्टवेअर. शेठच्या मुलाने लॉकडाऊनमध्ये घरबसल्या उभी केलेली वेबसाइट. आणि बँकेचा खातेउतारा. या चौघांची एकमेकांशी ओळख नव्हती. ओळख होती ती एकाच माणसाची: अकाउंट बघणाऱ्या ताईंची. त्या वेबसाइटवरची ऑर्डर कागदावर काढायच्या, तीच टॅलीत मारायच्या, मग तिचा फोटो भिवंडीला व्हॉट्सॲप करायच्या, आणि संध्याकाळी बँकेचा उतारा उघडून कुणाचे पैसे आले ते लाल पेनाने टिक करायच्या. मोठ्या कंपन्या ज्याला 'सिस्टिम इंटिग्रेशन' म्हणतात, ते या दुकानात ताईंच्या मनगटातून चालायचं. ताई गणपतीला पाच दिवस गावी गेल्या की चारही वह्या चार दिशांना जायच्या.

[दृश्य : टॅलीचा पडदा. ताईंची बोटं कीबोर्डवर.]

टॅलीचा जन्मही असाच धंद्याच्या गरजेतून झाला. १९८६ मध्ये श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचा मुलगा भरत गोयंका यांनी ती कंपनी सुरू केली. वडिलांना आपल्या व्यवसायाचा हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने ते लिहिलं. आज या गल्लीत टॅली माहीत नाही असं काउंटर सापडणं कठीण. फार जणांना ठाऊक नसतं, पण टॅलीला बाहेरच्या जगाशी बोलायची सोय आहे. सहसा ९००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका ठरलेल्या दारावर, ती एक्सएमएल नावाच्या ठरावीक मांडणीत निरोप घेते आणि उत्तरही देते. अट इतकीच की टॅली चालू हवी आणि तिच्यात दुकानाची वही, टॅलीच्या भाषेत 'कंपनी', उघडी हवी. संध्याकाळी कुणी मोबाइल चार्ज करायला संगणकाचा प्लग काढला, की पूल पडला. हे या दुकानात दोनदा झालं. त्यानंतर त्या प्लगवर चिकटपट्टी आली.

या चार वह्यांमध्ये दुवा जोडायला आला डोंबिवलीचा एक प्रोग्रामर. चोवीस-पंचवीसचा. त्याने पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक सगळेच पहिल्यांदा करतात. वेबसाइटवर ऑर्डर पडली की थेट भिवंडीच्या सॉफ्टवेअरला हाक मारायची, 'एवढा माल काढ.' भिवंडीने चलान बनवायचं आणि 'काढला' असं उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर पुन्हा हाक मारायची. तीन आठवडे छान चाललं. शेठनी पेढेसुद्धा वाटले.

मग जुलैतली एक दुपार. पाऊस असा की भिवंडीच्या रस्त्यावर टेम्पो दिसेना. दादरच्या एका कंत्राटदाराची ऑर्डर होती चाळीस पंख्यांची. भिवंडीला हाक पोचली, चलान बनलं, माल निघाला. पण 'काढला' हे उत्तर परत येताना नेट गेलं. वेबसाइटने थोडी वाट पाहिली, उत्तर नाही म्हणून पुन्हा हाक मारली. तोवर नेट आलं होतं. भिवंडीला ही नवीन ऑर्डर वाटली. दुसरं चलान. दादरला त्या दिवशी ऐंशी पंखे उतरले आणि कंत्राटदाराने शेठना जे सुनावलं ते निवेदनात घेता येणार नाही.

चूक कुणाची? नेटची म्हणून सोडून देता येईल, पण नेट जाणारच. पाठवणाऱ्याला उत्तर आलं नाही, एवढ्यावरून त्याला काय कळतं? निरोप जाताना हरवला, की पोच येताना हरवली? दोन्ही बाहेरून हुबेहूब सारखं दिसतं. संगणकशास्त्रात हे कोडं १९७० च्या दशकातच मांडलं गेलं. दोन डोंगरांवर दोन सेनापती, मध्ये शत्रू, आणि हल्ल्याची वेळ ठरवायला फक्त जासूद. जासूद पोचला याची पोच हवी, पोच पोचली याची पोच हवी, आणि हे कधी संपतच नाही. शंभर टक्के खात्री करणारा उपाय नाही हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून 'निरोप एकदा आणि एकदाच पोचेल' अशी हमी कुणी विकायला आलं, तर चहा पाजावा आणि पाठवून द्यावं.

[दृश्य : जुनी बांधीव वही. रकाने : दिनांक, क्रमांक, कोणास, विषय, सही.]

प्रोग्रामर दुसऱ्या आठवड्यात नवी मांडणी घेऊन आला. ताईंना समजावू लागला.

"ताई, आता आपण सरळ हाक मारायची नाही. ऑर्डर नोंदवतानाच, त्याच फटक्यात, बाजूच्या तक्त्यात एक ओळ लिहायची. काय पाठवायचं, कुणाला. याला आउटबॉक्स म्हणतात. मग एक वेगळा प्रोग्राम त्या ओळी बघून पाठवत राहतो. पोच आली की ओळीवर खूण."

ताईंनी चष्मा वर केला. "अरे, मग जावक वही म्हण की सरळ! माझे बाबा कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. नोकरी संपेपर्यंत हेच."

पुढची पंधरा मिनिटं ताई बोलत होत्या आणि पोरगा लिहून घेत होता. पत्र टाइप झालं की जावक वहीत नोंद आणि पत्रावर जावक क्रमांक. नोंद नसलेलं पत्र टेबलावरून हलायचं नाही. शिपाई पत्र आणि डाकवही घेऊन जाणार, समोरच्या कचेरीत सही घेणार. सही नसेल तर दुसऱ्या दिवशी तेच पत्र, त्याच क्रमांकाचं, पुन्हा न्यायचं. आणि समोरच्या कारकुनाचं काम? आवक वहीत क्रमांक बघायचा. आधीच आलेलं असेल तर नवी नोंद करायची नाही. "पण सही द्यायची बरं का," ताई म्हणाल्या. "नाहीतर शिपाई रोज येत बसेल."

या एका वाक्यात सगळं आलं. क्रमांक पाठवणाऱ्याने द्यायचा, घेणाऱ्याने नाही. भिवंडीचं सॉफ्टवेअर प्रत्येक हाकेला स्वतःचा नवा नंबर देत होतं, म्हणून तर चाळीसचे ऐंशी झाले. आता वेबसाइटचा ऑर्डर नंबर तसाच भिवंडीपर्यंत जातो. तो दिसलेला असेल तर दुसरं चलान बनत नाही, पण उत्तर मात्र जातं, पहिलंच : 'काढला.'

सरकारने जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसमध्ये हीच युक्ती वापरली आहे, आणि ती चांगली वापरली आहे हे कबूल करायला हवं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेलं बिल पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून चौसष्ट अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, मिळतो. तो मनाने दिलेला नसतो. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर, या चार गोष्टींतून तो गणिताने निघतो. तेच बिल दहा वेळा पाठवा, क्रमांक तोच येणार, आणि पोर्टल म्हणणार की हे आधीच नोंदलेलं आहे. आर्थिक वर्ष का घातलं, हे ताईंना विचारावं लागत नाही : एक एप्रिलला बिलबुकं पुन्हा एकपासून सुरू होतात.

गंमत म्हणजे पोरग्याच्या पहिल्या प्रोग्रामने 'आधीच नोंदलेलं आहे' हे उत्तर चूक म्हणून धरलं आणि पडदा लालेलाल केला. खरं तर ती चांगली बातमी होती. जुना क्रमांक मागून घ्यायचा आणि बिलावर छापायचा, एवढंच. उलट, चुकीचं बिल नव्या नंबराने गेलं तर पोर्टलवर ते रद्द करायला चोवीस तासच मिळतात. मग ते बिल उलटवणारी क्रेडिट नोट काढत बसा.

[दृश्य : भिवंडी. वायरच्या कॉइल एकावर एक.]

निरोप नीट पोचला म्हणजे नीट कळला असं नाही. घरगुती वायरची कॉइल नव्वद मीटरची असते. दुकानाच्या टॅलीत वायर विकली जाते कॉइलमध्ये. वेबसाइटवर मुलाने ती मीटरमध्ये टाकली, गिऱ्हाईकाला बरं म्हणून. कुणीतरी नव्वद मीटर वायर मागवली. निरोपात गेलं : 'वायर, ९०'. गोडाऊनच्या दादांनी नव्वद कॉइल बाजूला काढायला घेतल्या. पन्नासाव्या कॉइलला त्यांना शंका आली आणि त्यांनी फोन केला. त्यांना शंका आली नसती तर? आता निरोपात आकड्याबरोबर एकक असल्याशिवाय भिवंडी तो घेतच नाही.

नावांचं त्याहून अवघड. एकच पार्टी टॅलीत 'गणेश इले.', वेबसाइटवर पूर्ण नावाने, बँकेत मालकाच्या नावाने. जीएसटी नंबरवर जुळवू म्हटलं. पंधरा अक्षरं, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७, पुढे पॅन, शेवटचं अक्षर तर नंबर चुकीचा लिहिला गेला का हे तपासण्यासाठीच. पण तो फर्मचा असतो, दुकानाचा नाही. ठाण्याचा माल आणि परळचा माल एकाच नंबरावर. आणि छोट्या इलेक्ट्रिशियनकडे तो नसतोच. शेवटी ताईंनी दोन रविवार खर्ची घालून हाताने एक यादी केली, कोण म्हणजे कोण. या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत महाग काम तेच होतं असं मला वाटतं, आणि त्याचं बिल कुणी लावलं नाही.

रांगेचीही एक भानगड झाली. निरोप ओळीने जातात. एका ऑर्डरमध्ये बंद झालेल्या पंख्याचा कोड होता. भिवंडीने ती नाकारली, ती पुन्हा पुढे आली, पुन्हा नाकारली, आणि तिच्यामागे सत्तावीस चांगल्या ऑर्डरी खोळंबल्या. गल्लीत हातगाडीचं चाक गटाराच्या झाकणात अडकलं की होतं, तसंच. इथले लोक काय करतात? चार जण मिळून गाडी उचलून बाजूला ठेवतात, गल्ली मोकळी करतात, मग चाक बघतात. आता पाच वेळा नाकारलेली ऑर्डर बाजूच्या टोपलीत जाते. तिचं नाव 'डेड लेटर', हा शब्द टपालखात्याचा. पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठी तिथे वेगळं ऑफिस असायचं. फक्त टोपली रोज कुणीतरी उघडायला हवी, नाहीतर तो नुसता सभ्य कचरा.

साठ्याबद्दल दोन आकडे निघाले तर शब्द भिवंडीचा. दराबद्दल दुकानाचा. पैशाबद्दल बँकेचा. हे ठरवायला तांत्रिक काही लागलं नाही. शेठ आणि त्यांच्या मुलात एक भांडण लागलं.

[दृश्य : काउंटरवरचा क्यूआर कोड. गिऱ्हाईक फोन पुढे धरतं.]

पैशाचं मात्र आपल्या हातात फार नाही. गिऱ्हाईकाचा फोन म्हणतो गेले, दुकानाचा फोन गप्प. २०१६ मध्ये आलेलं यूपीआय चालवणारी एनपीसीआय इथेच, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नियम करणारी रिझर्व्ह बँक तर या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिंट रोडला. तिच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे गिऱ्हाईकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला तशी खातरी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत व्हायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणजे देशाच्या पातळीवरसुद्धा 'पोच आली नाही' ही शक्यता धरूनच नियम केलेला आहे. म्हणून दुकानाचा प्रोग्राम आता अशा ऑर्डरीला 'झाली' किंवा 'फसली' म्हणत नाही. तिसरं खातं आहे : 'बघू'. दर काही मिनिटांनी तो बँकेला पुन्हा विचारतो.

[दृश्य : संध्याकाळ. अर्धी शटरं खाली.]

आणि सगळं जोडून झाल्यावरही संध्याकाळी साडेसहाला ताई रुजवात घेतात. प्रोग्राम चारही वह्यांतली दिवसभराची बेरीज शेजारी शेजारी मांडतो आणि न जुळलेल्या ओळी खाली काढतो. आधी हे काम तीन तासांचं होतं. आज तीन ओळी आहेत.

पहिली एक रुपयाची. वेबसाइट प्रत्येक वस्तूचा कर वेगळा पूर्णांक करते, टॅली शेवटच्या बेरजेवर. ताई ती राउंड ऑफला टाकतात, वर न बघता.

दुसरी अठरा हजार सहाशेची. पैसे आले, ऑर्डर नाही. ताई फोन लावतात. "दादा, पैसे कसले पाठवलेत? … बरं, जुनी उधारी होय. मग सांगायचं ना एक शब्द. ठेवते."

तिसरी टोपलीतली. कोड नसलेली पट्टी, सहा नग. भिवंडीचा फोन लागत नाही.

"ती उद्या," ताई म्हणतात. पर्स उचलतात, प्लगवरची चिकटपट्टी एकदा दाबून बघतात आणि मरीन लाइन्सकडे चालू लागतात.