पुलाचे पाय कुठे पडतात?

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बरेचजण हंपीला जाऊन आले असतील, हल्ली तर लाँग वीकेंड आला की कोल्हापूर-सोलापूरकडून गाड्याच्या गाड्या जातात. तिथं विठ्ठल मंदिराकडून खाली पुरंदर मंडपाजवळ नदीवर उतरलात ना, तर पाण्यात दगडी खांबांची एक रांग दिसते. नुसतेच खांब, वर काही नाही. तो विजयनगरच्या काळातला पूल. म्हणजे तुंगभद्रेवर पूल हवा ही काही आजची मागणी नाही, तेव्हाही लोकांना पलीकडे जायचंच होतं.

आणि विठ्ठल मंदिर म्हटलं की आपल्याला भानुदास आठवणारच, एकनाथांचे पणजोबा, ज्यांनी पांडुरंगाची मूर्ती विजयनगरहून परत पंढरपूरला आणली अशी कथा आहे. लहानपणी ती ऐकताना मला एकच प्रश्न पडायचा, की बाबा मूर्ती घेऊन एवढी मोठी नदी ओलांडली कशी. आजी म्हणायची देवाला काय अवघड. पुढे माझं कामच असं निघालं की नदी ओलांडायची कशी आणि ओलांडताना काय मोडायचं नाही, याच्यावर रिपोर्ट लिहायचे.

तर आज त्याच्याबद्दल बोलायचंय. एखाद्या जुन्या जागेजवळ, घाटाजवळ, किल्ल्याजवळ, जुन्या पेठेजवळ नवीन पूल बांधायचा असेल, आणि तो पण गाड्यांचा नाही, फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा, तर त्या वारशावर काय परिणाम होईल हे आधी तपासतात. त्याला हेरिटेज इम्पॅक्ट असेसमेंट म्हणतात, आम्ही आपसात एचआयए म्हणतो. लोकांना वाटतं, अहो चालायचा पूल तो, त्याचा कसला इम्पॅक्ट? ना ट्रक, ना धूर, ना हॉर्न. मलापण सुरुवातीला तसंच वाटायचं, खरं सांगते.

मग मी हंपीचं प्रकरण वाचलं.

हंपी १९८६ मधे जागतिक वारसा यादीत आली. १९९९ मधे युनेस्कोने तिला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं, आणि कारण काय तर दोन झुलते पूल. एक मोठा, हंपीच्या बाजूच्या तळवारघट्टापासून नदीपलीकडच्या आनेगुंदी गावापर्यंत, गाड्यांसाठी. तो सगळ्यांना माहितीये, त्याच्यावर खूप लिहिलं गेलं. पण दुसरा होता चालायचा! हंपी गावाकडून नदीपलीकडे विरुपापूर गड्डीला जाणारा पादचारी पूल. संरक्षित भागातच अर्धवट बांधून झाला होता आणि तोपण धोका म्हणून मोजला गेला, शेवटी काढून टाकावा लागला. बांधलेला पूल उतरवायचा म्हणजे काय ते कंत्राटदाराला विचारा, पैसे दोनदा जातात आणि नदीकाठ दोनदा उकरला जातो.

आता तुम्ही म्हणाल की चालायच्या पुलाने असं काय बिघडणार होतं. तर विरुपापूर गड्डी तिथल्या नदीतलं बेट. बेटावर शेती, खडक, शांतता. तिथं पूल आला की माणसं आली, माणसं आली की चहाची टपरी आली, मग गेस्ट हाउस, मग त्याच्यावर मजला. पूल निघाला तरी होड्यांनी लोक जातच राहिले आणि गेस्ट हाउस-रिसॉर्ट झालीच, इतकी झाली की केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०२० मधे ती बांधकामं पाडली गेली. विचार करा, होडीवर एवढं, तर बारा महिने उघडा पूल असता तर किती. आमच्या भाषेत याला अप्रत्यक्ष परिणाम म्हणतात, आणि रिपोर्टात याच्यासाठी जेमतेम अर्धं पान असतं, बाकी पन्नास पानं पुलाचा रंग कुठला असावा यावर.

मोठ्या पुलाचं दुःख वेगळं. तो झाला असता तर जड वाहतूक थेट स्मारकांच्या मधून, जुन्या वेशीजवळून गेली असती, मुख्य आक्षेप तो होता. काम थांबलं, मग तडजोडी झाल्या, २००६ मधे हंपी धोक्याच्या यादीतून बाहेर आली, काम परत सुरू झालं, आणि जानेवारी २००९ मधे बांधकाम चालू असतानाच पूल नदीत कोसळला. कामगार गेले त्याच्यात. हे सांगताना मला नेहमी अवघड होतं, कारण आनेगुंदीच्या लोकांना पूल खरंच हवा होता, शाळा, दवाखाना, बाजार, सगळ्याला मोठा वळसा, आणि पावसाळ्यात होडी बंद. वारसा वाचवा म्हणणारे आपण दोन दिवस फोटो काढून परत येतो, रोज नदी ओलांडायची त्यांना असते. नंतर पूल झाला तो खालच्या अंगाला, बुक्कसागर-कडेबागिलु इथं. म्हणजे गरज खरी होती, जागा चुकली होती. आणि जागा चुकलीये हे सांगायचं काम असेसमेंटचं होतं, पण ती करायची वेळ आली तोपर्यंत काँक्रीट ओतून झालं होतं.

बरं, मग असेसमेंट करतात म्हणजे नेमकं काय करतात?

पहिला प्रश्न पुलाचा नसतोच. पहिला प्रश्न असा की ही जागा महत्त्वाची का आहे, आणि ते महत्त्व कशाकशात दिसतं. कोणी म्हणेल देवळात. पण देऊळ आणि नदी यांच्यातल्या मोकळ्या जागेत पण असेल, घाटाच्या पायऱ्यांत असेल, पलीकडच्या काठावरून दिसणाऱ्या शिखरात असेल, वर्षातून एकदा निघणाऱ्या पालखीच्या वाटेत असेल. याची यादी करायची, मग प्रत्येकासमोर लिहायचं की पुलाने याचं काय होणार. इकोमॉसने, म्हणजे स्मारकं आणि वारशावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०११ मधे याची एक पद्धत छापली, त्याच्यात एक मॅट्रिक्स आहे, एका बाजूला वस्तूचं मोल, दुसऱ्या बाजूला बदल किती मोठा, आणि चौकटीत उत्तर. २०२२ मधे युनेस्को आणि बाकीच्या संस्थांनी मिळून नवीन मार्गदर्शिका काढली. मॅट्रिक्स चांगली गोष्ट आहे पण त्याची एक गंमत सांगते, चौकटी भरणाऱ्याला आधीच माहीत असतं की साहेबांना कुठलं उत्तर हवंय, आणि "मध्यम"चं "किरकोळ" करायला एक शब्द पुरतो.

मी स्वतः एकदा असं केलंय. म्हणजे करायला लावलं म्हणते मी, पण सही माझीच होती. गाव सांगत नाही. घाटावर उतरणारा एक पूल, मी "मोठा परिणाम" लिहिलं होतं, मीटिंगमधे साहेब म्हणाले मॅडम टेंडर निघालंय आता, आणि मी "मध्यम, उपाययोजनेसह" असं केलं. उपाययोजना काय, तर दगडी क्लॅडिंग. काँक्रीटवर दगडाच्या पातळ चकत्या. आजपण तिकडून जाताना मी दुसरीकडे बघते.

तेव्हापासून मी आधी फक्त एक गोष्ट बघते, ड्रॉइंगमधे पुलाची टोकं कुठे आहेत. सगळे प्रेझेंटेशनमधे मधला भाग दाखवतात, कमान, केबल, संध्याकाळचे लाइट, वरून ड्रोनचा फोटो. आणि नुकसान बहुतेक वेळा होतं दोन्ही काठांवर. सायकल आणि व्हीलचेअर जायची म्हणजे पायऱ्या चालत नाहीत, रॅम्प लागतो, आणि रॅम्पचा उतार साधारण वीसास एक ठेवतात. आता हिशोब करा, पुराची पातळी धरून पूल काठापेक्षा ५ मीटर उंच ठेवला तर खाली उतरायला १०० मीटर रॅम्प लागला, मधले सपाट टप्पे वेगळे. हा १०० मीटरचा अजगर बसणार कुठे? घाटावर, नाहीतर देवळाच्या पारावर, नाहीतर जुन्या वाड्याच्या भिंतीला चिकटून. त्यात सायकलसाठी कठडा पण उंच लागतो, नुसत्या चालणाऱ्यापेक्षा जास्त, कारण सायकलवर माणूस उंच बसलेला असतो. म्हणजे लांबून बघितलं तर पुलाची जाडी वाढली, नाजूक रेघ राहिली नाही. आणि नुसत्या पायऱ्या केल्या की म्हातारी माणसं अडकतात. व्हेनिसमधे २००८ साली असाच झाला, काचेच्या पायऱ्यांचा देखणा पूल, लोक घसरायला लागले आणि व्हीलचेअरसाठी नंतर बाजूने एक फिरती डबी लावली, तीपण शेवटी काढली.

दिसण्याची तपासणी करायची तर ड्रोन घरी ठेवायचा असं माझं मत. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, लोक जिथं खरंच उभे राहतात तिथून फोटो काढायचे, घाटाच्या शेवटच्या पायरीवरून, देवळाच्या दारातून. सगळ्यात भारी टेस्ट म्हणजे पुलाच्या खऱ्या उंचीचा बांबू जागेवर उभा करायचा, वर लाल फडकं, आणि गावाला बोलवायचं. थ्रीडी व्ह्यू बघून माना डोलावणारी माणसं बांबू बघितला की बोलायला लागतात, अरे हा तर कळसाच्या वर जातोय! आणि उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा बघायचं, कारण नदी दोन्हीवेळा वेगळी दिसते.

हे सगळं आधी केलं की इंजिनिअर पण वेगळा पूल काढतो, याचं उदाहरण लंडनचं. तिथला मिलेनियम ब्रिज, फक्त चालायचा, सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या अगदी समोर. त्या शहरात कॅथेड्रल कुठून कुठून दिसलं पाहिजे याचे नियम १९३० च्या दशकापासून आहेत. आता झुलता पूल म्हटला की उंच खांब आणि वरून खाली येणाऱ्या केबल, म्हणजे मधोमध घुमटाला छेद. तर त्यांनी केबल बाजूला आडव्या नेल्या, १४४ मीटरच्या मधल्या गाळ्यात केबलचा झोळ फक्त २.३ मीटर. बघायला गेलात तर पुलावरून चालताना घुमट सरळ समोर, मधे काही नाही. अर्थात १० जून २०००ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला कारण लोक चालायला लागले की आडवा डुलायचा, आणि डुलला की लोक आणखी त्याच तालात पाय टाकायचे. काहीजण लगेच म्हणाले बघा, वारशाचे लाड केले म्हणून. तसं नाही ते, गर्दीच्या पावलांनी डुलणं हे कुठल्याही हलक्या पुलाला होऊ शकतं, तोवर पूल काढताना सहसा त्याचा नीट हिशोब धरला जात नव्हता. डुलणं शोषून घेणारे डॅम्पर बसवले आणि २००२ मधे पूल परत उघडला, घुमट आहे तिथंच दिसतो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते कारण ते फार कंटाळवाणं आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीने, २०१० च्या दुरुस्तीने हे थेट कायद्यातच आलं. आगाखान पॅलेसजवळ पुणे मेट्रोचा रूट याच नियमामुळे कल्याणीनगरकडून वळवला. पण या नियमाची गोची अशी की तो टेपने मोजतो. १०१ मीटरवरचा पूल नियमात बसला तरी समोरचं अख्खं दृश्य खाऊ शकतो, आणि जे स्मारक म्हणून नोंदलेलंच नाही, म्हणजे आपले बहुतेक घाट, त्यांना टेप पण नाही.

आणि जे दगडाचं नाहीच त्याचं काय? पुण्याचा लकडी पूल घ्या. २०२१ मधे मेट्रोचा मार्ग त्याच्यावरून आडवा जायला लागला तेव्हा गणेश मंडळांनी आक्षेप घेतला की मिरवणुकीचे उंच रथ खालून जाणार कसे. काहीजण हसले, मला हसू नाही आलं. विसर्जन मिरवणुकीची उंची हा वारशाचा भाग आहे की नाही हा अगदी खरा एचआयएचा प्रश्न आहे, फक्त तो मेट्रोचे गर्डर, म्हणजे आडव्या तुळया, चढवताना विचारला गेला, कागदावर रेघ मारताना विचारायला हवा होता. मंडळाचं बरोबर की मेट्रोचं हे मी सांगत नाही, दोघांचं आधी एका टेबलावर आलं असतं तर उंची दोन्ही बाजूंनी ठरली असती एवढंच.

तेव्हा तुमच्या गावात नदीवर चालायचा-सायकलचा पूल येतोय अशी बातमी आली तर विरोध करा असं मी म्हणत नाहीये, मला असे पूल आवडतात, मी स्वतः सायकल चालवते. फक्त नगरपालिकेत जाऊन लँडिंगचं, म्हणजे पूल काठावर जिथं उतरतो तिथलं, ड्रॉइंग मागा. आणि विचारा की दुसरी जागा तपासली का, आणि पूल न बांधता, आहे त्या जुन्या पुलावर सायकलची पट्टी काढून भागतंय का हे बघितलं का. पुण्यात बंडगार्डनचा जुना फिट्झगेराल्ड पूल आहे, १८६९ चा, गाड्या शेजारच्या नव्या पुलावर गेल्या आणि जुन्यावर लोक आता निवांत चालतात. त्याला नवीन रॅम्प लागला नाही की पायासाठी जमिनीत खांब घालायचं पाइलिंग लागलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी परत आनेगुंदीला गेले होते. पुट्टीतून, ती गोल टोपलीसारखी होडी असते ना, त्याच्यातून नदी ओलांडली. वल्हवणाऱ्याला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, खाली पूल झाला, तुमचं गिऱ्हाईक कमी झालं का? तो म्हणाला गाववाले कमी झाले, तुमच्यासारखे वाढले. मग मधोमध नेऊन पुट्टी गरागरा फिरवली, त्याचे पन्नास रुपये वेगळे घेतले, आणि त्या जुन्या दगडी खांबांकडे वल्ह्याने दाखवत म्हणाला, मॅडम फोटो इथूनच काढा, सगळे इथूनच काढतात.