पाषाणावरचा हिशोब, नाण्यावरचा ठसा

(दृश्य : सिन्नर. काचेआड ठेवलेला एक दगड. कॅमेरा जवळ जात राहतो.)

वरून बघाल तर हा काळा दगड आहे. आपल्याकडे विहिरीच्या कडेला टाकलेल्या ढिगात असे कितीतरी पडलेले असतात. याचं पोट मात्र उघडं पडलंय, आणि आत पांढऱ्या सुया उभ्या आहेत. एकाच बिंदूतून सगळ्या दिशांना फुटलेल्या, केसासारख्या बारीक, टोकाशी पारदर्शक. हा स्कोलेसाइट नावाचा खनिज स्फटिक. शेजारी फिकट केशरी रंगाचा स्टिल्बाइट आहे, मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना पसरलेला. त्याच्या पलीकडे हिरवट अ‍ॅपोफिलाइट. यातल्या एकालाही माणसानं पैलू पाडलेले नाहीत. जमिनीतून निघाले तसेच मांडलेत.

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं हे गारगोटी खनिज संग्रहालय. २००१ साली सुरू झालं. नाशिकहून शिर्डीला जाणाऱ्या लाखो गाड्या सिन्नरवरून जातात. त्यातल्या थोड्या तरी इथे वळाव्यात असं मनापासून वाटतं. कारण इथे जे दिसतं ते आपल्याच पायाखालचं आहे.

(दृश्य : रस्त्यासाठी कापलेला डोंगर. थरांवर थर.)

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. एक लोट थंड झाला की त्याच्यावर दुसरा. त्यातून दख्खनचा हा बेसॉल्ट घडला. लोटाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि खडक निवला तेव्हा तिथे पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी भेगांमधून झिरपलं. सिलिका, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम त्या पोकळ्यांत साचत गेलं, आणि आत मोकळी जागा असल्यामुळे स्फटिक हवे तसे वाढले. जिथे पोकळी नाही तिथे ही फुलंही नाहीत.

नाशिक जिल्ह्यात विहीर खोदणाऱ्याला हे थर तोंडपाठ असतात. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा ठिसूळ खडक, मग काळा पाषाण. पाषाण लागला की सुरुंग. या कपाटांतल्या सुंदर नमुन्यांसारखे नमुने अशाच विहिरींतून, दगडखाणींतून, रस्त्यांच्या कामातून निघतात. कुणीतरी वेळेवर पाहिलं म्हणून वाचलेले. क्रशरमध्ये जाऊन खडी झालेले किती असतील, त्याचा विचार केला की जीव हळहळतो.

पिवळाधमक पॉवेलाइटही नाशिकचाच. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणीतून निघालेल्या पॉवेलाइटला जगभरचे खनिजसंग्राहक ओळखतात. आता त्याच डोंगराकडे जाऊ.

(दृश्य : मुंबई-आग्रा महामार्ग. मागे त्रिरश्मी डोंगर. पायऱ्या.)

संग्रहालय म्हटलं की भिंती आणि छप्पर डोळ्यांपुढे येतं. त्रिरश्मीवर भिंती आहेत, छप्पर आहे, आणि दोन्ही डोंगराचंच आहे. एकूण २४ लेणी. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, वर चढत गेलं की डोंगराच्या पोटाला समांतर एका रांगेत ही लेणी. रांग अशी का, ते सिन्नरहून आलेल्याला चटकन कळतं. लाव्हाचे थर आडवे आहेत. लेणी कोरायची तर एकसंध, घट्ट थर हवा, आणि तो थर डोंगरात एकाच उंचीवर धावतो. मांजऱ्यात छिन्नी मारली असती तर कपची कुठून उडेल याचा नेम नव्हता.

(दृश्य : लेणे क्रमांक १०. ओसरीच्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं. तिरपा प्रकाश.)

दहावं लेणं. क्षहरात घराण्याचा राजा नहपान याचा जावई उषवदात यानं हे खोदवून भिक्षुसंघाला दिलं. भिक्षूंसाठी आत १६ खोल्या आहेत. पण इथे आधी ओसरीतली भिंत वाचायची. ज्यांना ब्राह्मी येत नाही त्यांनीही अक्षरांवर नजर फिरवावी. दीड-दोन हजार वर्षांच्या पावसापाण्यात ती टिकली, ती या घट्ट पाषाणामुळे.

लेख सांगतो : तेव्हाच्या कालगणनेच्या ४२व्या वर्षी उषवदातानं ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, संघासाठी अक्षय ठेव म्हणून दिले. ठेवले कुठे? इथल्याच गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीतून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण.

आता हिशोब करून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा : २४०. पै न पै जुळते.

मला हा लेख राजेरजवाड्यांच्या सगळ्या प्रशस्त्यांहून मोलाचा वाटतो. यातून कळतं की गोदाकाठी विणकरांच्या संस्था होत्या, त्यांची पत एवढी होती की राजाचा जावई कायमची ठेव त्यांच्याकडे ठेवायचा, आणि व्याजाचा दर दगडावर कोरण्याइतका ठरलेला असायचा. याच लेखांत चिखलपद्र गावच्या ८,००० नारळाच्या झाडांचं दान आहे. एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, ३५ कार्षापण हा भावसुद्धा नोंदलाय. नाशिकच्या अर्थव्यवस्थेचा इतका जुना आणि इतका नेमका कागद दुसरा कुठे मिळायचा?

(दृश्य : त्र्यंबक रस्ता. अंजनेरीचा डोंगर. संशोधन संस्थेचं आवार.)

कार्षापण म्हणजे हातात कसा लागत असेल? त्यासाठी अंजनेरीला यावं. डोंगराच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८०मध्ये स्थापन झालेली. नाणेतज्ज्ञ डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी ती घडवली. इथल्या संग्रहालयात नाणी आहेत, प्रतिकृती आहेत, साचे, ठसे आणि छायाचित्रं आहेत.

इथे घाई करू नये. आहत नाणी आधी बघावीत : चांदीच्या पत्र्याचे कापलेले तुकडे, वर एकेक चिन्ह वेगळं ठोकलेलं. वजन जास्त झालं की कोपरा कापायचा. म्हणून ती वेडीवाकडी, पण वजनाला चोख. मग ठशांची पद्धत. खाली एक ठसा पक्का बसवलेला, त्यावर तापवलेली चकती, वर दुसरा ठसा, आणि हातोड्याचा घाव. दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात.

हे नीट समजून घ्यायचं, कारण पुढची गोष्ट त्या घावाचीच आहे.

(दृश्य : गोदावरीचं पात्र. जोगलटेंभी.)

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. सगळी नहपानाची, त्याच उषवदाताच्या सासऱ्याची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसरीकडे बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी-खरोष्ठीत त्याचं नाव. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर आणखी एक ठसा होता. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेली फुली, आणि नाव : सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचं.

जुनी नाणी वितळवलेली नव्हती. त्यांच्याच अंगावर नवा ठसा मारला होता. काही नाण्यांवर सातकर्णीच्या डोंगराखालून नहपानाचं नाक डोकावतं, कुठे ग्रीक अक्षराचा तुकडा शिल्लक राहिलाय. एक राज्य संपून दुसरं आल्याची खूण इतकी स्पष्ट क्वचितच हाती लागते.

ही नाणी पुढे दूरदूरच्या संग्रहालयांत गेली. खनिजं सिन्नरला, लेख डोंगरावर, नाणी पांगलेली. नोटांचा छापखाना असलेल्या, आणि चांदवडला होळकरांची टांकसाळ पाहिलेल्या या जिल्ह्यात हे सगळं एका दालनात मांडलेलं असावं, एवढी इच्छा व्यक्त केल्याशिवाय राहवत नाही.

(दृश्य : पुन्हा त्रिरश्मी. लेणे क्रमांक ३. तुळया खांद्यावर घेतलेले सहा बलदंड पुरुष.)

नाणी पाहून झाली की तिसऱ्या लेण्यात यायचं. दारावरची नक्षी, खाली भार पेलणारे सहा पुरुष, लोक इथेच फोटो काढतात आणि निघतात. थांबा. भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्राची आई. नातू पुळुमावी याच्या राजवटीच्या १९व्या वर्षी तिनं हे लेणं दान केलं, आणि गेलेल्या मुलाबद्दल लिहवून घेतलं. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. पौरजनांची सुखदुःखं ज्यानं आपली मानली. अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची ज्याला आवड नव्हती. आणि ज्यानं क्षहरातांचा वंश निःशेष केला.

हे शेवटचं विशेषण आईच्या मायेपोटी आलंय असं कुणी म्हणालं असतं. जोगलटेंभीच्या नऊ हजार नाण्यांनी तिच्या बाजूनं साक्ष दिली.

(दृश्य : त्याच ओसरीतला दुसरा लेख. बोटाच्या अंतरावरून अक्षरं.)

याच ओसरीत खुद्द गौतमीपुत्राचे दोन हुकूम आहेत. पहिला त्याच्या राजवटीच्या १८व्या वर्षाचा, गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून : कखडी गावातलं, आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेलं २०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्यावं. विजयानंतरचा पहिला फेरफार म्हणायचा.

दुसरा हुकूम २४व्या वर्षाचा. यात राजाबरोबर राजमाताही बोलते. ते शेत कुणी कसत नाही, गावही ओस पडलंय, असं त्यात म्हटलंय. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरची आमच्या मालकीची १०० निवर्तनं जमीन भिक्षूंना द्यावी. तिच्यात सरकारी माणसांनी शिरू नये. मिठासाठी ती कुणी खणू नये.

(पडद्यावर : लेखाच्या ओळी, खाली देवनागरी लिप्यंतर. त्यावर श्रेयनामावली.)