कपाचा कान

'मातीची भांडी आणि शहरातली नाजूक नाती' असा विषय जाहीर झालाय. त्यावर येतेच. पण आधी मला एका कपाबद्दल बोलू द्या.

मुंबईतल्या कितीतरी घरांत ओट्याच्या कोपऱ्यात एक कप वेगळा पालथा घातलेला असतो. कान तुटलेला, कडेचा टवका उडालेला. तो कामाच्या मावशींचा. त्याच मावशींकडे घराची किल्ली असते. आजारी आजीला त्या उचलून बसवतात, घरात कोण कोणाशी बोलत नाही हेही त्यांना ठाऊक असतं. चहा मात्र त्या कपात, तोही खाली बसून. मी सहा कपांचा संच केला आणि सातवा बिनकानाचा ठेवला. माती तीच, झिलई तीच, भट्टीही तीच. प्रदर्शनात एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे असं नाही हो, आमच्या बाईंना स्टीलचा पेला आहे." शेजारी उभ्या मुलीनं विचारलं, "मग आपण पेल्यात का नाही पीत?"

माझं म्हणणं होतं की सातही कपांत गरम चहा द्यायचा. कान नसला की बोटं भाजतात, आणि ते भाजणं हाच त्या कलाकृतीचा अर्धा भाग. आयोजकांनी काचेची पेटी घातली आणि 'हात लावू नये' अशी पाटी ठेवली. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. हातात घेण्यासाठी केलेली वस्तू लांबून दाखवायची, मग मातीत काम कशाला करायचं? धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन बघा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ती वस्ती. तिथे घर, चाक आणि वाळत घातलेला माल एकमेकांना खेटून, भट्ट्याही सामाईक. तिथे लांबून बघायला जागाच नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुद्दा पटकन सांगते. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी कडक होणारी माती, ओल्यापासून साधारण १२०० अंशांच्या भाजणीपर्यंत १० ते १२ टक्के आकसते. अर्धवट वाळलेल्या कपाला ताजा ओला कान लावला, तर कान जास्त आकसतो आणि सांध्यावर तडा जातो. त्या दिवशी काही दिसत नाही. वाळताना, कधी पहिल्या भाजणीनंतर दिसतं. नात्यांचंही तसंच. एक जण रात्रपाळीहून परततोय, दुसरी सकाळची विरार लोकल धरायला निघालीय, अशी माणसं एका खोलीत राहतात. भांडण कपबशीवरून होतं, पण ओल आधीच वेगवेगळी झालेली असते. म्हणून आम्ही दोन्ही बाजू खरवडतो, मातीचा पातळ घोळ लावतो, आणि कप नि कान एकाच प्लास्टिकखाली झाकून ठेवतो, दोघांची ओल सारखी होईपर्यंत. घाई केली की सांधा गेलाच.

आणि किंत्सुगीबद्दल, म्हणजे फुटलेलं भांडं जोडून तो सांधा सोन्यानं उठवायच्या जपानी पद्धतीबद्दल. तडा गेला की लोक म्हणतात, सोनं भरा ना. जपानी कारागीर झाडाच्या चिकाच्या रोगणानं तुकडे सांधतात, ते दमट उबेत आठवडेच्या आठवडे मुरू देतात, सोन्याची पूड त्यानंतर. आपल्याला फक्त ती पूड हवी असते. नव्या मालिकेत मी सांध्यावरचे तडे तसेच ठेवलेत, आणि काचेची पेटी नसेल तिथेच ती मांडणार आहे.