सातबाऱ्यावर न दिसणारं कर्ज

श्रोतेहो, नमस्कार. यवतमाळ असो की बीड, शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्याची तेरवी होते न होते तोच फाईल तयार होऊ लागते. सातबारा, बँकेचे कागद, गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीचा दाखला, पोलिसांचा पंचनामा. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि मेलेल्या माणसावर शेरा बसतो: पात्र किंवा अपात्र.

त्यामागे 23 जानेवारी 2006 चा शासन निर्णय आहे. पात्र ठरलं तर घराला 1 लाख. 30 हजार धनादेशानं, 70 हजार ठेवीत. त्यासाठी कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, आणि वसुलीचा तगादाही हवा.

आता गावात काय चालतं ते बघा. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर व्याजात सवलत मिळते. कपाशीचा पैसा तोवर कधीच संपलेला असतो. मग कुणाकडून तरी चार दिवसांसाठी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज हाती आलं की त्याला द्यायची. हेच नवं-जुनं. सोसायटीच्या दप्तरी माणूस नियमित, थकबाकी शून्य! चार दिवसांचं व्याज मात्र खिशातून जातं. त्यात बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर, दवाखान्याला बायकोचे दागिने गहाण, लग्नाला सावकार. तो नोटीस पाठवत नाही, दारात येऊन बसतो. त्या तगाद्याचा पुरावा विधवेनं कुठून आणायचा?

मक्त्यानं शेती करणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा.

2017 ची कर्जमाफी दीड लाखापर्यंतची, 2019 ची दोन लाखांपर्यंतची. दोन्ही बँका-सोसायट्यांच्या शेतीकर्जासाठी. खासगी सावकाराच्या वहीतला आकडा जागचा हलला नाही. माझ्या मते चौकशीला येणाऱ्यानं बँकेआधी कृषी केंद्राची उधारीची वही बघावी आणि घरच्या बाईला नीट विचारावं. तिला सगळं ठाऊक असतं, निदान पुष्कळसं.

बेकायदा सावकारानं तुमची जमीन लिहून घेतली असेल, तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली ती परत मिळू शकते. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात जा. सौदाचिठ्ठी, स्टँप, जे असेल ते सोबत न्या. आणि घरात कुणी गप्प गप्प राहत असेल, जेवण टाकत असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदत सेवेचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात. पुन्हा सांगतो, 14416. नमस्कार.