पळणाऱ्याला पळवूनच तपासा

नमस्कार श्रोतेहो. माझ्याकडे सरावाला माण तालुक्यातली एक मुलगी येते. ५,००० मीटर पळते. गेल्या वर्षी कांद्याची पट्टी आली तसे तिच्या वडिलांनी पैसे बाजूला काढले आणि म्हणाले, "सर, पोरीची ती शहरातली टेस्ट करू." ती टेस्ट म्हणजे व्हीओटू मॅक्स. पार दमेपर्यंत मेहनत करताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, त्याचं मोजमाप.

गेलो. तिथे तिला जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं. तोंडाला मास्क, आणि मिनिटामिनिटाला पॅडल जड होत जाणार. ही मुलगी शाळेतसुद्धा पायी गेलेली. नवव्या मिनिटाला थांबली. आकडा आला ४५, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ४५ मिलिलिटर ऑक्सिजन.

परतताना एसटीत वडील बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "सर, पोरीत दमच नाही का?"

मी मागे वळून तिलाच विचारलं, "थांबलीस तेव्हा दम लागला होता का गं?"

"नाही सर. दम होता. मांड्या पेटल्या होत्या."

ऐकलंत ना? दम होता, मांड्या पेटल्या होत्या. कुठल्या यंत्रावर चाचणी घेणार, हे मी आधी विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं. तीन आठवड्यांनी दुसरीकडे तिला ट्रेडमिलवर पळवलं. आकडा ५१. मुलगी तीच, फुप्फुसं तीच.

सायकलवर सगळा भार मांड्यांवर येतो. त्या कामाची सवय नसली, तर हृदय आणि फुप्फुसं शिगेला पोचण्याआधीच पाय थांबतात. म्हणून पळणाऱ्याला पळवून तपासा, सायकलवाल्याला सायकलवर, पोहणाऱ्याला पाण्यात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने नौका वल्हवायला उतरला. नौकानयनाची शर्यत २,००० मीटरची असते, आणि त्या खेळाडूंची चाचणीही रोइंग मशीनवर २,००० मीटरचीच घेतात.

प्रयोगशाळा परवडत नसेल तर कूपर चाचणी आहे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ती मांडली. १२ मिनिटं पळायचं आणि किती अंतर गेलं ते मोजायचं, बस्स. त्या अंतरावरून व्हीओटू मॅक्सचा अंदाज येतो. त्याला लागतं फक्त सपाट मैदान. पण शाळेच्या मैदानांवर लग्नाचे मांडव पडतात, आणि मांडव गेला तरी खिळे मातीतच राहतात. अनवाणी पळणाऱ्या पोरांच्या तळव्यांतून ते मी स्वतः काढलेत. मैदान भाड्याने देऊ नका हो!

तर पळणाऱ्याला पळवूनच तपासा. दर सहा आठवड्यांनी, त्याच मैदानावर, त्याच वेळी, त्याच बुटांत. अंतर वहीत लिहा. ती मुलगीही लिहिते. गेल्या रविवारी वडील घड्याळ धरून उभे होते. १२ मिनिटांत ४०० मीटरच्या सात फेऱ्या झाल्या, आणि वर ६० मीटर.